डावीकडची पूर्व

"ताई, हे ठिपके काही बसंनात."

दस्तगीर मुलाणी टेबलावरून मान वर न करताच बोलले. मी चित्रशाखेच्या दारात उभी होते. हातात चहाचा कप, आणि डोक्यात एकच घोर, की परवाच्या व्याख्यानाच्या फिल्मा आज संध्याकाळपर्यंत तयार व्हायला हव्यात.

"कुठले ठिपके, मुलाणीभाऊ?"

"हे काय, कडंचे. तीन ठिपके जुळल्याबिगर मी टाचणी लावत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला."

मला ठाऊक होतं, तसं ते आमच्या संस्थेत सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि सगळे त्यावरून त्यांची टिंगल करायचे. चित्रशाखा म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, खालून दिवा लागणारं काचेचं टेबल, एक संगणक आणि मुलाणीभाऊ. मूळचे ओतूरचे. ड्राफ्ट्समन म्हणून लागले त्याला एकतीस वर्षं झाली होती. आकाशाच्या एकाच तुकड्याचे दोन नकाशे एकावर एक ठेवायचे असले, एक रेडिओ दुर्बिणीने घेतलेला आणि दुसरा क्ष-किरणांच्या उपग्रहाने, तर हा माणूस मधल्या मुख्य वस्तूकडे आधी बघायचाच नाही. कुणाच्या खिजगणतीत नसलेले, दोन्ही नकाशांत दिसणारे तीन ठिपके तो कडेकडेने शोधायचा. ते तिन्ही एकमेकांवर बसले की मग टाचणी. "काय मुलाणी, नवरा-नवरी सोडून वऱ्हाडी मोजताय होय?" असं कुणी म्हटलं की ते शांतपणे सांगायचे, "वऱ्हाडी बघितले की लग्न कुणाचं ते कळतं, साहेब."

आज त्यांचं वऱ्हाड हरवलं होतं. खाली क्ष-किरणांची फिल्म, वर रेडिओची. मधला ठिपका बसत होता, दोन्ही बाजूंचे फुगे आपापल्या जागी होते, पण कडेचे तिन्ही ठिपके एकमेकांना ओळख दाखवायला तयार नव्हते.

मुलाणीभाऊंनी खालची फिल्म अलगद काढली, तव्यावरची पोळी उलटावी तशी उलटली आणि पुन्हा ठेवली. पहिला ठिपका बसला. दुसरा बसला. तिसराही बसला.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि टेबलावर वाकले.

काय झालं होतं ते सांगायला हवं. ज्या दीर्घिकेवर मी साडेपाच वर्षं घालवली, तिचा क्रमांक लांबलचक होता. आम्ही तिला नुसतं 'सत्तावन्न' म्हणायचो. अशा रेडिओ दीर्घिकेच्या पोटातून दोन विरुद्ध दिशांना झोत निघतात आणि लाखो प्रकाशवर्षं दूर जाऊन फुग्यांसारखे फुगतात. त्या फुग्यांना लोब म्हणतात. लोबमधले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गरगरतात, त्यातून रेडिओ लहरी येतात. तेच इलेक्ट्रॉन विश्वात सगळीकडे पसरलेल्या जुन्या मंद प्रकाशाला टोले हाणतात, त्यातून क्ष-किरण येतात. इलेक्ट्रॉन तेच, म्हणजे जो लोब रेडिओत ठळक तोच साधारणपणे क्ष-किरणांतही ठळक दिसावा, हे शेंबडं पोरही सांगेल.

सत्तावन्नच्या बाबतीत मात्र भलतंच दिसत होतं. रेडिओत पूर्वेचा लोब लखलखीत, क्ष-किरणांत पश्चिमेचा. माझे मार्गदर्शक डॉ. मुकुंद खांबेटे यांनी वर्षभरापूर्वी हे पाहिलं आणि त्यांना साक्षात्कार झाला. 'विषम लोब सिद्धांत' जन्माला आला. एकाच दीर्घिकेची दोन लेकरं, पण एकाच्या अंगात चुंबकत्व ठासून भरलेलं, दुसरं कोरडं! सरांनी एका नियतकालिकात टिपण छापलं, वर्तमानपत्रात फोटोसह लेख आला, आणि परवाच्या गुरुवारी देशभरातल्या दीडशे खगोलशास्त्रज्ञांसमोर त्यांचं मुख्य व्याख्यान होतं. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण, म्हणजे खरं तर अख्खा प्रबंध, याच सिद्धांताच्या खांद्यावर बसला होता. शिष्यवृत्ती मार्चअखेर संपत होती. दोन मुदतवाढी घेऊन झाल्या होत्या, तिसरी देत नाहीत. आणि हे सगळं फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी, एका फिल्मच्या उलटण्याने, भुईसपाट झालं होतं. लोब भांडत नव्हते. आमचा नकाशाच आरशातला होता.

"फिल्म उलटी छापली गेली का हो?" मी आशेने विचारलं.

"फिल्म नाही. फाइलच उलटी आहे."

"कुणी केली?"

"म्या."

मुलाणीभाऊ उठले, कपाटातून कामाची वही काढली. येणारं प्रत्येक काम चिठ्ठीवर घ्यायचं आणि ती चिठ्ठी वहीत डिंकाने चिकटवायची, ही त्यांची पद्धत. त्यांनी चौदा महिन्यांपूर्वीचं पान उघडलं. हिरव्या शाईतलं, उजवीकडे कलंडलेलं ते अक्षर मी साडेपाच वर्षं माझ्या मसुद्यांच्या समासात सोसलं होतं.

'दिल्लीच्या पाहुण्यांचा पूर्व डावीकडे पाहून गैरसमज होतो. क्ष-किरण नकाशा उलटवून पूर्व उजवीकडे घ्यावी. मूळ फाइलच बदलावी. मु. खांबेटे.'

मला तो दिवस आठवला. आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडेच असते, कारण आपण आकाश खालून बघतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना पहिल्या तासाला हे सांगतात. पण दिल्लीहून आलेल्या त्या बड्या पाहुण्यांना कुणी सांगणार? नकाशापुढे उभे राहून ते म्हणाले होते, "पूर्व डावीकडे? आमच्याकडे तर उजवीकडे असते!" आणि खांबेटेसर, तीस वर्षं आकाश बघितलेला माणूस, लगबगीने म्हणाले होते, "करेक्ट सर, छपाईची चूक आहे, दुपारपर्यंत दुरुस्त होईल." पाहुण्यांच्या जेवणाआधी विश्व दुरुस्त झालं.

"मी विचारलं होतं साहेबांना," मुलाणीभाऊ म्हणाले, "की वायली प्रत काढून देतो, मूळ फाइल कशाला बदलायची? तर म्हणले, पाहुणे पुन्यांदा आले तर?"

पाहुणे पुन्हा आले नाहीत. दोन महिन्यांनी सरांनी तीच फाइल उघडली, तिच्यावर सरळ रेडिओ नकाशा ठेवला आणि त्यांना सिद्धांत सुचला. मधला ठिपका अगदी मध्यावर, तो उलटवला तरी जागचा हलत नाही, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मलाही नाही. कडेचे ठिपके मी तपासले नव्हते. इतका सुंदर निष्कर्ष हाती आल्यावर वऱ्हाड कोण मोजतं?

मुलाणीभाऊंनी पट्टीच्या कडेने ती चिठ्ठी हळूहळू सोडवली आणि माझ्या हातात दिली.

"साहेबांना तुम्हीच सांगा, ताई. माझं ऐकायचे नाहीत ते. आन् ही राहू द्या तुमच्यापाशी. एकतीस वर्षांत माझा एक नकाशा परत आलेला नाही. उद्या कुणी बोट दाखवलं तर एवढंच दाखवा."

"कुणी बोट दाखवणार नाही," मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

बुधवारी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. चिठ्ठी पर्समध्ये, पर्स मांडीवर. मी दोन्ही फिल्मा खिडकीच्या काचेवर धरून दाखवल्या, आधी सुलट, मग उलट. सर बराच वेळ बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चष्म्याचा काही दोष नव्हता.

"ठिपके काय, आकाशात छप्पन्न असतात," ते म्हणाले.

"तिन्ही जुळतात, सर."

"योगायोग म्हणून एक गोष्ट असते, वसुधा."

"तेजस्वितेसकट जुळतात."

मग ते खाली बसले. त्या क्षणी मला त्यांची दया आली, हे कबूल करते. साठीला टेकलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा फोटो छापून आलेला, आणि उद्या दीडशे लोकांसमोर उभं राहायचं.

"पण हे झालं कसं? कुणी केलं?"

ते नाटक करत नव्हते. ते खरोखर विसरले होते. मोठ्या माणसांना ही विद्या जन्मजात असते, आपल्याला शिकावी लागते.

"ते दिल्लीचे पाहुणे आले होते ना, सर, तेव्हा..."

"तेव्हा काय?"

त्यांचा आवाज एकदम पातळ झाला. आठवलं असावं. आता पर्स उघडायची, चिठ्ठी टेबलावर ठेवायची, एवढंच काम होतं. माझी बोटं चेनवर होती.

"तेव्हा तो चित्रशाखेत उलटवला गेला असावा," मी म्हणाले.

"चित्रशाखेत," सर म्हणाले. मग पुन्हा एकदा, जिभेवर गूळ विरघळावा तसं, "चित्रशाखेत. हं."

त्यांनी घंटी वाजवून दोन चहा मागवले. साडेपाच वर्षांत त्या खोलीत मला मिळालेला तो पहिला चहा.

"हे बघ, तुझं काहीही बुडत नाही. नकाशा सरळ कर. दोन्ही लोब रेडिओत आणि क्ष-किरणांत एकसारखे दिसतात, ठीक आहे, दिसू देत. दोन्हींचं गुणोत्तर काढ, चुंबकीय क्षेत्र मिळेल. किती येतंय?"

मी रात्री घाईघाईत गणित केलं होतं. "आपण धरत होतो त्याच्या साधारण एक तृतीयांश, सर. दोन्हीकडे."

"वा! स्वच्छ, सरळ निष्कर्ष. तिसरं प्रकरण पुन्हा लिही, पंधरा दिवसांत मी सही करतो. वरदाचारी उद्या येतातच आहेत, तेच तुझे परीक्षक. त्यांच्या कानावर घालून ठेवतो."

"आणि उद्याचं व्याख्यान?"

"ते माझ्यावर सोड. तू फक्त मध्ये बोलू नकोस."

मी चहा पिऊन बाहेर पडले. जिन्यात मुलाणीभाऊ भेटले. "सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं. सगळं नीट होईल म्हणाले."

"चिठ्ठी दाखवली?"

"गरजच पडली नाही."

त्यांनी मान हलवली आणि नवीन फिल्मा करायला गेले. मी दिलेल्या नकाशांचे तिन्ही ठिपके त्यांनी त्या दिवशी पुन्हा तपासले असणार.

गुरुवारी सभागृह भरलं होतं. पडद्यासमोर प्रोजेक्टर, आणि एकेक फिल्म त्याच्या काचेवर ठेवायला मुलाणीभाऊ. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. डॉ. वरदाचारी बंगळुरूहून आले होते, पहिल्या रांगेत बसले होते. कुणाचंही काहीही चटकन मान्य न करण्याबद्दल ते प्रसिद्ध होते.

खांबेटेसर उभे राहिले. विषम लोबांची अंत्ययात्रा कशी निघते ते बघायला मी श्वास रोखून बसले होते. अंत्ययात्रा कसली, वरात निघाली.

"मित्रहो, आज मी तुम्हाला एका शोधाची नव्हे, एका चुकीची गोष्ट सांगणार आहे," त्यांनी सुरुवात केली, आणि सभागृह सावरून बसलं. माझा सिद्धांत चुकीचा होता, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. छापलेलं टिपण मी मागे घेत आहे, असंही सांगितलं. शास्त्रज्ञाने आपलं सर्वांत लाडकं अपत्यसुद्धा सत्यापुढे बळी द्यायला हवं, वगैरे सांगताना त्यांचा आवाज किंचित कापला, तोही योग्य ठिकाणी. वरदाचारींनी मान डोलावली. वरदाचारींची मान डोलताना मी पहिल्यांदाच पाहिली.

"आणि ही चूक झाली कशी?" सर हसले. "आमच्या चित्रशाखेत एक अत्यंत भला माणूस आहे. त्याने आकाशाचा नकाशा पाहिला, पूर्व डावीकडे दिसली. बिचाऱ्याला वाटलं, साहेब लोकांची चूक झाली! आपल्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात तर पूर्व उजवीकडे असते. त्याने आपलेपणाने विश्व सुलटं करून टाकलं!"

सभागृह हास्याने दणाणलं. दीडशे माणसं हसली. सरांनी प्रोजेक्टरकडे हात केला, "पुढची फिल्म, मुलाणी." लोकांना मग कळलं की तो भला माणूस हाच, आणि हसण्याची दुसरी लाट आली. प्रोजेक्टरच्या उजेडात मुलाणीभाऊंचा चेहरा खालून उजळला होता. त्यांनी फिल्म उचलली, काचेवर ठेवली, कड बोटाने सरळ केली. मग त्यांनी अंधारात माझी रांग शोधली.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. रागाने माझे कान तापले. मी ठरवलं, प्रश्नोत्तरं सुरू होऊ देत, उभी राहते आणि हिरव्या शाईतली चिठ्ठी वाचून दाखवते. खरंच ठरवलं. पर्सची चेनही उघडली.

टाळ्या थांबल्या आणि वरदाचारींनी हात वर केला. प्रश्न त्यांनी सरांना नाही, मला विचारला.

"मिस रेंगे, हा तुमच्या प्रबंधाचा विषय आहे. तुम्ही ज्या नकाशावर काम केलंत, तो उलटा कसा आला? तुम्ही सांगा."

दीडशे माना वळल्या. मी उभी राहिले. याहून चांगली संधी देवानेही दिली नसती. समोर खांबेटेसर, चेहऱ्यावर ओळखीचं, आश्वासक हसू. शेजारी उजेडात मुलाणीभाऊ. ते हसत नव्हते, पण त्यांच्या डोळ्यांत मला काळजी दिसली नाही. ते निर्धास्त होते. चिठ्ठी माझ्याकडे होती ना.

मार्चअखेर पाच आठवड्यांवर आली होती. परभणीला बाबांनी अर्ध्या शहराला माझ्या पीएचडीचं सांगून ठेवलं होतं.

"सर," मी म्हणाले, "मला चित्रशाखेतून मिळालेली प्रत उलटी होती. मी ती तपासून घ्यायला हवी होती. तेवढी चूक माझी."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. शपथेवर सांगते, आजही एक शब्द काढून टाकता येणार नाही. विद्यार्थिनीचा हा नम्रपणा बघून वरदाचारी पुन्हा डोलले, आणि मलाही टाळ्या पडल्या. सरांपेक्षा जरा कमी पडल्या, पण पडल्या.

मी खाली बसले. प्रोजेक्टरचा दिवा बंद झाला होता, मुलाणीभाऊ फिल्मा खोक्यात भरत होते.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. माझ्या हाताखाली आता अकरा जणांनी पीएचडी केली आहे. खांबेटेसरांना पुढे एका संस्थेने 'वैज्ञानिक सचोटी'बद्दल मानपत्र दिलं. त्या समारंभात त्यांच्याबद्दल चार शब्द मीच बोलले. पण मला सांगायचं आहे ते त्याच गुरुवारच्या चहाचं.

व्हरांड्यात सगळे जमले होते. वरदाचारींनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की चुंबकीय क्षेत्राचं प्रकरण उत्तम होईल, प्रबंध पाठवा, मी अडवणार नाही. सर म्हणाले, "बघ, सांगितलं नव्हतं?" माझ्या अंगावरून साडेपाच वर्षांचं ओझं उतरलं, आणि मला आनंद झाला. आता लपवून काय करू, खूप आनंद झाला.

तेवढ्यात मुलाणीभाऊ फिल्मांचा खोका बगलेत घेऊन आमच्या घोळक्याजवळून निघाले. आमच्याच विभागातल्या एका तरुण अधिव्याख्यात्याने त्यांना हटकलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "काय मुलाणी, पूर्व कुठे?"

मुलाणीभाऊ थांबले. खोका नीट धरला.

"आभाळातली विचारताय का भुईवरची, साहेब?"

तिथला प्रत्येक जण खगोलशास्त्रज्ञ होता. असा प्रश्न विचारणारा माणूस ती चूक करूच शकत नाही, हे कळायला कुणालाही एक क्षण पुरला असता. पण हशा आधीच सुरू झाला होता. बशा खणखणल्या, कुणाला तरी ठसका लागला. मुलाणीभाऊ त्यांच्यापैकी कुणाकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते.

मी हसले.